बोरकरच्या बोटांची केस

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो! इथे हिंदी मुलखात, कारखान्याच्या टाउनशिपशेजारच्या एका छोट्या वर्कशॉपात मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, ते आपोआप साठत गेले. आता सोनागिरीत हिवाळ्याचं ऊन खात बसलो की डोळे मिटतात, आणि समोरून बोरकर येतो. प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेलेला, तरी गालात हसणारा.

*

हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळी असते. फोरमन सक्सेनाजींनी ती काढायला लावली होती, काम भरभर व्हावं म्हणून. अपघातानंतर रजिस्टरात मात्र लिहिलं, 'कामगाराने जाळी स्वतः काढली.' खाली बोरकरची सही. डाव्या हाताची!

"अरे येड्या, सही का केलीस?"

"शेजारी आहेत रे आपले. सक्सेनाजींच्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय. त्यांची नोकरी गेली तर?"

याची स्वतःची गेलीच होती. ठेक्यावरचा माणूस, आता जे मिळणार ते केसमधूनच. मी कपाळाला हात लावला.

*

मग वकील शोधणं आलं. हबीबगंजजवळ मोठ्ठी पाटी दिसली, शिरलो आत. साहेबांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पत्नी मायके कब से हैं?"

ते फक्त घटस्फोटाचे वकील!

बोरकर भाबडेपणानं म्हणाला, "आठ दिन हुए साहब, परसों आ रही है."

*

बिट्टन मार्केटजवळ शेवटी तिवारीबाई भेटल्या. अपघाताच्याच केसेस लढायच्या. त्यांनी नीट समजावलं. कामावर इजा झाली तर भरपाई हक्काची, चूक कामगाराची असली तरी. पण जाळी त्यानं मुद्दाम काढली असं ठरलं, तर केस गेली.

बोरकर खिडकीबाहेर बघत होता. "मॅडम, सपने में मेरी पाँचों उँगलियाँ होती हैं. गुलमोहर के फूल चुनता हूँ."

बाईंचं लिहिणं थांबलं.

*

सुनावणी. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सक्सेनाजी. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "जाली किसने निकलवाई थी?"

पंखा संथ फिरत होता. सक्सेनाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मैंने."

जिंकलो! मी बाकावरून उठणारच होतो, तेवढ्यात माझ्याआधी बोरकर उठला. हात जोडून, अगदी कळवळून म्हणाला,

"साहब, ये झूठ बोल रहे हैं!"