पाणचट चहा

आमची धाकटी वहिनी वृद्धाश्रमांची तपासणी करते. चकचकीत फरशी आणि कोऱ्या चादरींना ती भुलत नाही. थेट जेवणघरात जाऊन बसते. परवा एका आश्रमाच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. संचालिका घाबरत घाबरत सांगत होती, "इथे सगळे अगदी समाधानी आहेत हो."

तेवढ्यात खिडकीजवळच्या आजी कडाडल्या, "अगं ए भवाने, हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

चहा देणारी मुलगी हसली. "काल कडक झाला म्हणून तुम्हीच ओरडलात ना?"

"कालचं काल! दुसरा आण."

"आणते बाई! तुमच्यापेक्षा माझी सासू परवडली!"

आजींसकट सगळे खदखदून हसले. संचालिका मात्र पांढरीफटक पडली. परवाना गेलाच, असं तिला वाटलं.

वहिनीने तिथेच सही केली. म्हणाली, "जिथे आजी-आजोबा माझ्यासमोर गप्प बसतात ना, तिथे मी दिवसभर ठाण मांडते. इथे तर आजी हक्काने भांडतायत, आणि पोरगी हसतेय."

मग तिने समोरचा कप उचलला.

"ए तपासणीवाली," आजी ओरडल्या, "ठेव तो खाली! चांगला येतोय."