येतो म्हणायचं न्हाय

"जातो म्हण की सरळ!" असं ओरडून तो माझ्या काउंटरवर मूठ आपटायचा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या नेट कॅफेतून निघताना एखादं कॉलेजचं पोरगं सवयीनं "येतो, काकू" म्हणालं, की ह्याचं डोकं फिरलंच. निघताना 'येतो' म्हणायचं हे आपल्याला कुणी शिकवावंही लागत नाही. त्याला मात्र तो शब्द सोसत नसे. "येतो म्हणायचं न्हाय, वैनी. येतो म्हणणारी येत न्हाईत."

ग्रिल आणि गेटच्या वेल्डिंगचा त्याचा धंदा. दर शुक्रवारी दुपारी तो शेवटच्या केबिनमध्ये हेडफोन लावून बसायचा. पुण्याच्या एक मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई नेटवरून पाच-सहा जणांना एकत्र बसवून मनातलं बोलायला लावायच्या. ब्रॉडबँड नवं नवं आलं होतं. इथल्या असल्या डॉक्टरकडे जाताना कुणी पाहिलं तर पेठभर बोंब, म्हणून हा नेटवर. पण आवाज असा, की हेडफोन त्याच्या कानाला आणि कहाणी अख्ख्या कॅफेला. नाकं मुरडू नका, तुम्ही असता तर तुम्हीही कान दिला असता.

त्यातूनच कळलं, की तो लहान असताना वडील ट्रक घेऊन गगनबावड्याकडे गेले. "येतो रं" म्हणाले आणि आलेच नाहीत. हा दारात बसून राहायचा, आणि दारात दिसला की आई फुंकणीनं बडवायची.

आणखीही एक कळलं. बायको "माहेरला जाऊन येतो" म्हणाली (आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात), तेव्हा त्यानं तिचं मनगट पिरगाळून मोडलं होतं. पोरगी कॉटखालून बघत होती. बायको पोरीला घेऊन जयसिंगपूरला माहेरी गेली ती तिकडेच राहिली. हे ऐकलं तेव्हा मॉनिटर उचलून ह्याच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं.

एकदा बोलता बोलता गटातल्या कुणाची तरी लाइन तुटली. ह्याला वाटलं, तो आपल्याला कंटाळून उठून गेला. कीबोर्ड आपटून दोन तुकडे केले, आणि बुक्क्यांनी केबिनचं प्लायवूडचं दार फोडलं. मुठीतून रक्त गळत होतं.

"अरे, लाइन गेली, माणूस नाही गेला!" मी ओरडले.

"चुकलं, वैनी," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तिथं लोखंडी दार बसवून गेला. अख्ख्या कोल्हापुरात तुरुंगाचं दार असलेलं कॅफे माझंच.

"डॉक्टरबाई म्हणत्यात, दुखावलेली माणसं तीन तऱ्हेची," त्यानं एकदा सांगितलं. "काही घट्ट धरून बसत्यात. काही आधीच सुटून जात्यात. आन काही ज्या हातानं धरत्यात त्याच हातानं मारत्यात." मग हाताकडे बघून म्हणाला, "मी तिसरा."

एका शुक्रवारी त्याची बायको भावाला घेऊन कॅफेत आली. मोडलेल्या हातात अजून जोर नव्हता, पण मान ताठ. "फोनवर न्हाय, तोंडावर सांगतो म्हटलं. मी न्हाय येणार परत. पोरगीबी न्हाय." ती वळली, आणि जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, "येतो मी."

त्यानं शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला. मेहुणा मध्ये आला. मी फोनवर हात टाकला. आकडा खाली आला तो त्यानंच बसवलेल्या दारावर. पुन्हा पुन्हा. घाव बसत होते आणि टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून परगावची माणसं त्याला हाका मारत होती. दार वाकलं, तळवे फुटले, तेव्हा आकडा खाली पडला.

"येतो म्हणू नगंस," तो धापा टाकत म्हणाला. "जातो म्हण."

"जातो," म्हणाली.

तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि वाट मोकळी केली.

पुढच्या आठवड्यात तो दार ठोकून सरळ करायला आला. हाताला पट्ट्या होत्या. दुकान विकलं होतं. गगनबावड्यावरून खाली कोकणात काम धरलं म्हणाला.

"इतक्या लांब कशाला?"

"हितं ऱ्हायलो तर एक दिवस जयसिंगपूरच्या गाडीत बसणार मी. माझ्या हातांचा भरवसा न्हाय, वैनी." हत्यारं पिशवीत भरता भरता म्हणाला, "पोरीला फोन केलता. जातो म्हणून सांगितलं. दारात बसाय नगो तिनं."

मला रडू आवरेना. तो पायरी उतरला आणि वळून म्हणाला, "जातो, वैनी."

येतो म्हणणाऱ्याला आपण 'ये' म्हणतो. जातो म्हणणाऱ्याला काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.