नत्थुजींचा जगरा

अचलपूरहून बसने अर्ध्या तासावर असलेल्या आमच्या गावी, पौषातील दुसऱ्या रविवारी, महादेवाच्या मंदिरासमोर रोडग्यांची पंगत होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात, म्हणजे जगऱ्यात, पुरायचे, वर राख ओढायची आणि ते भाजेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मध्येच राख उकरली की धग निघून जाते आणि रोडगा आत कच्चा राहतो. हा जगरा तीस वर्षे नत्थुजी इंगोले सांभाळीत. गावात त्यांचा दुसरा कोणताही मान नव्हता.

गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात बाभळीची काठी आणि दहा हातांच्या आत कोणी आला की शिवी, ही त्यांची पद्धत.

"ए बैताडा! देवानं डोये देले का बटनं? माघारी फिर, नाई तं तुलेच पुरतो यात!"

ही त्यांतल्या त्यात सभ्य. सरपंचसुद्धा अंतर राखून उभे राहत.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडात दोन बोटेही जाईनात. भाकर दुधात कुस्करून खावी लागे. अमरावतीच्या डॉक्टरांनी खर्रा ताबडतोब सोडायला सांगितले. पत्नी पार्वताबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. मी निवृत्त मुख्याध्यापक. गावात माझ्या शब्दाला किंमत होती. मी पहाटे फिरण्यापासून तोंडाच्या व्यायामापर्यंत सारा दिनक्रम सुवाच्य अक्षरांत लिहून दिला आणि बजावले की, सोडायचे तर अर्धवट सोडू नये. खर्र्याबरोबर शिवीही सोडावी. ही दुसरी अट डॉक्टरांची नव्हती. माझी होती. नत्थुजींनी महादेवासमोर हातात पाणी घेऊन दोन्ही सोडले.

पहिले दोन महिने हात थरथरत, झोप येत नसे. मग शरीर सावरले. तोंडात तीन बोटे जाऊ लागली, वजन चार किलोंनी वाढले. मला समाधान वाटले. पार्वताबाई मात्र एकदा म्हणाल्या, "गुरुजी, तब्येत झकास हाये. पन शिव्या देत होते तवा घरात मानूस हाये असं वाटे. आता पावना बसल्यावानी बसून राहते."

मी म्हणालो, "होईल सवय."

त्या वर्षीच्या पौषात मी मुद्दाम जगऱ्याजवळ खुर्ची टाकून बसलो. पाचशे पाने व्हायची होती. राख ओढून अर्धा तासही झाला नव्हता, तोच गावच्या तरुण मंडळाचा योगेश चार पोरांसह आला आणि काठीने राख उकरू लागला.

"बापू, थांबा जरा. धग जाते," नत्थुजी हात जोडून म्हणाले.

"काका, तुमी तं साधूच झाले! रोडगा पाह्याले काय तिकीट लागते का?"

पोरे हसली. एकाने दुसऱ्या बाजूने उकरले. मग बायका आल्या, मग कोणाचे पाहुणे. प्रत्येकाला नत्थुजी "बापू", "बाई" म्हणत होते आणि प्रत्येक जण राख बाजूला सारीत होता. शेवटी ते माझ्याजवळ आले. कपाळावर घाम होता.

"गुरुजी, एक द्याची का? एकच. लहानशी."

मी मान हलवून नकार दिला. "व्रत म्हणजे व्रत, नत्थुजी."

पंगतीत रोडगे फोडले, तर आत ओली कणीक. लोक वांग्याची भाजी आणि वरण खाऊन उठले. "म्हातारा संपला," योगेश सर्वांदेखत म्हणाला. नत्थुजींनी ऐकले. त्यांचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. शिवी सोडण्याची अट माझी होती, हे त्या वेळी सांगायला हवे होते.

पुढच्या पौषात जगरा योगेशकडे गेला. नत्थुजी स्वच्छ धोतर नेसून पंगतीत माझ्या शेजारी बसले. योगेश वाढत आला. "कसे झाले, काका?"

नत्थुजींनी रोडगा फोडला. एक बाजू कोळसा, दुसरी कच्ची.

"बेस झाले, बापू," ते म्हणाले.

तीस वर्षांत या माणसाने जगऱ्यापाशी एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. तो करपलेला तुकडा त्यांनी तुपात बुडवला आणि पूर्ण उघडणाऱ्या तोंडाने, मुकाट्याने, चावून खाल्ला.