काकू हसेनात तेव्हा...

त्या सकाळी कलकत्त्याच्या हॉस्पिटलात माझी सलग दुसऱ्या दिवसाची ड्यूटी चालू होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट... मी हाउससर्जन, आणि पायांत नुसते गोळे आलेले.

टेबलावर बालीगंजच्या सुमतीकाकू होत्या. पन्नाशीच्या, यजमानांची बँकेतली बदली म्हणून इकडे आलेल्या. कानाखाली लाळेच्या ग्रंथीत गाठ होती. वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटीच, त्यामुळे आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, "माझं तोंड वाकडं नाही ना गं होणार?" मी म्हटलं, "मी लक्ष ठेवीन, काकू."

भीती खोटी नव्हती. चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीतूनच जाते आणि तिच्या फांद्या भुवई, पापणी, ओठापर्यंत पसरतात. म्हणून ऑपरेशन करणारे आमचे सर अर्धा चेहरा उघडा ठेवायचे. संशय आला की नसेसारखा दिसणारा धागा चिमट्याने हलकेच दाबायचे आणि विचारायचे, "नोडलो?" म्हणजे बंगालीत, हललं का? हललं तर ती नस, नाही तर तो धागा कापायचा. चेहऱ्याकडे बघून उत्तर देणं, एवढंच माझं काम.

तासाभराने माझे डोळे मिटले... किती वेळ, देव जाणे. "नोडलो?" ऐकू आलं आणि मी "ना" म्हणून मोकळी झाले. सरांनी तो धागा कापला.

दुसऱ्या दिवशी राउंडला काकूंची भुवई उचलली गेली, डोळाही मिटला. पण सरांनी हसायला सांगितलं, तर काकूंनी पदर तोंडावर घट्ट धरला. दोनदा सांगितलं, तरी मान हलवून नाहीच म्हणाल्या. सर पुढच्या खाटेकडे गेले.

ओठाचीच फांदी गेली आणि ती मी घालवली... दुपारी घास उतरेना, झोपही येईना.

शेवटी उठले आणि एकटीच त्यांच्याजवळ जाऊन बसले. "काकू, माझ्यासाठी एकदा हसा ना."

पदराआडून आवाज आला, "अगं, कवळी नाहीये तोंडात! ऑपरेशनच्या आधी सिस्टरने काढून ठेवली, ती दिलीच नाही. एवढ्या पुरुषांपुढे बोळकं दाखवू का?"

मी कपाट उपसून कवळीची वाटी शोधली. काकूंनी भिंतीकडे तोंड करून कवळी बसवली, मग वळून हसल्या. ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले.

मी तिथेच रडले. "किती जीव लावतेस गं," म्हणत त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या... खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. त्यांना नाही, सरांनाही नाही.

तो धागा म्हणजे नस नव्हती, हे माझं नशीब. त्यानंतर मात्र कितीही मोठे सर्जन समोर असोत, डोळा लागला की मी सरळ म्हणायचे, "पुन्हा दाबून बघा सर, माझं लक्ष नव्हतं." पुष्कळ बोलणी खाल्ली. पण पुन्हा कधी न बघता "ना" म्हटलं नाही.