कोण जास्त, कोण कमी

अमरीनची दहावीच्या विज्ञानात दोनदा दांडी उडाली, आणि दोन्ही वेळा एकाच जातीच्या प्रश्नानं. तक्त्यात दोन रोपं, एक उन्हातलं, एक सावलीतलं, आणि खाली लिहिलेलं, ‘तुलना करा’. ही आपली सगळे आकडे सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. आधी उन्हातल्या रोपाचे, मग सावलीतल्याचे. झालं उत्तर! अहो, आकडे तर त्यांनीच दिले होते ना? तपासणाऱ्यानं शून्य नाही तर काय पेढे द्यायचे?

पण तिचं तरी काय चुकलं म्हणा. शेलार गावातल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात ती कापड तपासायची. टेबलावर तागा उलगडायचा आणि धाग्याची तुटलेली तार, तेलाचा डाग दिसला की खूण करायची. ज्या कारागिराच्या ताग्यात जे दिसेल ते त्याच्याच ताग्यावर. ह्याचं वाईट, त्याचं चांगलं, असं तपासणारीनं तोंडानं म्हणायचं नाही, ही तिथली रीत. पहिल्याच दिवशी आक्कानं, तिथल्या जुन्या तपासणारीनं, तिला बजावलं होतं, "तसं बोललीस तर एखाद्याची रोजी जाते गं. शेठला डोळे हायेत, त्याचं तो बघंल." ती सवय अमरीनच्या हाडात मुरली होती.

दहावी मात्र तिला हवीच होती. कापसाच्या धुळीनं छातीचं पार वाटोळं झालं होतं. हे काम सोडा, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. एका शाळेत प्रयोगशाळेच्या मदतनिसाची जागा होती. पास झालीस तर जूनमध्ये ये, म्हणाले होते, नाहीतर दुसरी बघू.

मग शेजारची रुचिरा, बीएस्सीला शिकणारी, हात धुऊन मागे लागली. "भाभी, नुसते आकडे नकोत. कोण जास्त ते लिहा. किती पट ते लिहा. आणि कशामुळे, तो निष्कर्ष." रोज तक्ते, रोज निष्कर्ष. अमरीन चुलीपाशीही घोकायला लागली, डाळीपेक्षा भात लवकर शिजला, कारण अमुक. नवरा हात जोडायचा, "बाई गं, आता जेवू दे!" एकदाचं ते डोक्यात शिरलं, आणि काय हरखली होती ती!

फेब्रुवारीत एक दिवस शेठ टेबलापाशी आला. सहज म्हणून विचारलं, "काय गं, गुलाम हुसेन आणि तनवीर, दोघांचं कापड कसं येतंय?"

अमरीन फाडकन बोलून गेली, "तनवीरपेक्षा गुलाम चाचांच्या ताग्यात तिप्पट तारा तुटल्यात, शेठ. नजर कमी झाली असणार त्यांची."

पूर्ण मार्कांचं उत्तर! बोलली आणि जीभ चावली, पण काय उपयोग? शेठ मान हलवून गेला. त्याच आठवड्यात चाचांचे लूम दुसऱ्याला मिळाले. साठी उलटलेला माणूस, डबा उचलून गुपचूप निघाला. अमरीन सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडली.

मार्चमध्ये पेपरात पुन्हा त्याच जातीचा प्रश्न. तक्त्यात दोन माणसं, एक विशीतला, एक साठीतला. जिना चढल्यावर दोघांच्या नाडीचे ठोके. तुलना करून निष्कर्ष लिहा. येत होतं हो तिला! शब्दन् शब्द येत होता. पण त्या म्हाताऱ्यावर पुन्हा ‘पेक्षा’ लिहायला हात उचलेना. घंटा झाली तेव्हा कागदावर आकडे तेवढे होते, आधी ह्याचे, मग त्याचे.

नापास. रुचिरानं मोबाइलवर निकाल पाहिला आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "भाभी, तेवढा एक प्रश्न लिहिला असता तरी सुटला असता तुम्ही." जूनमध्ये शाळेनं ती जागा दुसरीला दिली. अमरीन त्याच टेबलाशी खोकत उभी राहिली, आणि आपली यातून सुटका नाही हे तिला पुरतं कळून चुकलं.

तिचा निकाल कळल्यावर चाचा घरी आले. ते आता कशेळीच्या एका गोदामावर वॉचमन होते, ड्युटीला जाता जाता मुद्दाम वाट वाकडी करून आलेले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दिल छोटा मत कर, बेटी. शेठनं मला काढलं तेव्हा सगळे खाली मान घालून उभे होते. माझ्यासाठी रडलीस ती तू एकटी."

अमरीननं चहा टाकला. शेठला ते ‘तिप्पट’ आपणच बोललो, हे सांगून टाकावं असं फार वाटलं तिला, पण धीर झाला नाही.