लेकीने निवडलेल्या सुऱ्या

माझ्या मुलीला दिसत नाही. लहानपणी डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला आणि दहावीपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच काय ते उरलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची गोष्ट सुऱ्यांची आहे आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. माझ्याही आला होता.

आम्ही मूळचे सांगलीचे. नवरा लखनौच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करतो, मी शाळेत शिकवते, घर इंदिरा नगरात. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. आमचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. गेल्या वर्षी ती बँकेची परीक्षा पास झाली आणि नेमणूक मिळाली पुण्याची. लगेच नातेवाइकांचे फोन सुरू झाले. आत्या म्हणाली माझ्याकडे राहील, मावशी म्हणाली डबा लावून देऊ. तिने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि एका रविवारी पोहे खाताना म्हणाली, "आई, मैं फ्लैट लेकर रहूँगी, सहेली के साथ. खाना खुद बनाऊँगी. मुझे काटना सिखाओ."

चहा ती करायची, कुकर लावायची, पोळ्यासुद्धा लाटायची. गॅसची भीती तिला कधी नव्हतीच, आणि आम्हीही ती हळूहळू सोडली होती. चिरणं मात्र माझ्याकडे. आमच्या घरात चिरायचं म्हणजे विळी. तिच्यावर बसलं की माझा कोबी कसा भुरुभुरु पडतो! पण विळीचं पातं उभं आणि उघडं, आणि भाजी हातात धरून आपणच त्याच्याकडे न्यायची. तिच्यासाठी ते कामाचं नव्हतं. सुरी म्हणाल तर घरात एकच होती, पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची. तिने टोमॅटो कापला जाण्यापेक्षा चेंगरायचाच जास्त.

मी तीच तिच्या हातात दिली. म्हटलं, "ही बोथट आहे, लागणार नाही."

ती हसली. "उल्टा है आई. बोथट वाली ही फिसलती है, और फिसली तो उँगली पे आती है. तेज वाली जहाँ रखो वहीं जाती है."

मग कळलं, ही गेले कित्येक महिने रात्रंदिवस कानात इयरफोन घालून न दिसणाऱ्या स्वयंपाक्यांची रेकॉर्डिंगं ऐकत होती. तिच्या डोक्यात सगळं तयार होतं. फक्त हातात काही नव्हतं.

आम्ही दोघी आधी एका मॉलमधल्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे लाकडी ठोकळ्यात खोवलेला सुऱ्यांचा संच होता, अगदी देखणा. विक्रेत्याने तिच्या हातातली पांढरी काठी पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मैडम के लिए क्या दिखाऊँ? ये क्या करेंगी?"

"ये प्याज काटेंगी," मुलगीच म्हणाली. "आप मुझे ही दिखाइए."

बिचारा ओशाळला, पण मग त्याने नीट दाखवलं. तिने संचातली एकेक सुरी हातात घेतली, तोलली, परत ठेवली. किंमत ऐकून मी मनात हिशेब मांडू लागले. पुण्याच्या घराची अनामत, गादी, भांडी सगळं अजून पुढे होतं. तरी लेकीसाठी म्हणून मी पर्स उघडणार, तेवढ्यात तिने माझा दंड दाबला. "इसमें से आधी तो मैं छुऊँगी भी नहीं. मुझे तीन चाहिए. जितना है, तीन पे लगाएँगे."

मग मेट्रो आणि ई-रिक्षा करत आम्ही याहियागंजला पोचलो, भांड्यांच्या जुन्या बाजारात. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने काही न विचारता गल्ल्यासमोर वर्तमानपत्र पसरलं आणि मूठ तिच्याकडे करून एकेक सुरी ठेवायला सुरुवात केली. "आराम से देखिए बिटिया," एवढंच म्हणाला.

ती खरंच पाहत होती. अंगठ्याने मुठीची कड चाचपायची, जिथे लोखंड आणि लाकूड जुळतं तिथे नख फिरवायची. एक बाजूला सारली, "यहाँ झिरी है, पानी घुसेगा." दुसरी बोटावर आडवी तोलून पाहिली. "पत्रा आहे," असं चक्क मराठीत म्हणाली. तिसरी मला फार आवडली होती, पात्यावर लाटांसारखी नक्षी होती.

"ही घे गं," मी म्हटलं.

"कैसी दिखती है?"

"फार सुंदर."

"तो दिखने के पैसे मैं क्यों दूँ?"

दुकानदार खो खो हसला. मीही हसले. माझी लेक भर बाजारात, दोन्ही बाजूंनी धक्के खात, मला समजावून सांगत होती की चांगली सुरी कशी ओळखायची. पातं मुठीच्या शेवटापर्यंत आतून गेलेलं हवं, म्हणजे मूठ डगमगत नाही. मुठीतले खिळे बोटाला लागता कामा नयेत. आणि पातं मुठीपाशी एवढं रुंद हवं की चिरताना बोटांची पेरं पाटावर आपटू नयेत. शेवटी तिने एक मध्यम लांबीची, काळ्या मुठीची, साधीच दिसणारी सुरी निवडली. सोबत सालं काढायला एक छोटी, आणि ब्रेड-टोमॅटोसाठी दातेरी. उरलेल्या पैशांत चिरायला एक जड लाकडी पाट आणि धार लावायचा दगड. मॉलमधल्या संचाच्या निम्म्यातही ते गेलं नाही.

घरी नवऱ्याने तिन्ही सुऱ्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी कुठूनतरी जाड हातमोजे घेऊन आला. तिने बाबांचं मन राखायला ते घातले, एक काकडी चिरली आणि काढून ठेवले. "बाबा, इनमें कुछ महसूस ही नहीं होता."

मग रोज संध्याकाळी ओट्यापाशी तिचा वर्ग भरायचा. पाटाखाली ओलं फडकं, पाट हलू नये म्हणून. डाव्या हाताची बोटं आत दुमडलेली, पेरांना पातं टेकलेलं. सुरीचं टोक पाटावरून उचलायचं नाही. काम झालं की सुरी पाटाच्या वरच्या कडेला, धार पलीकडे. मी शेजारी उभी राहून ओठ चावायची. सुरुवातीला दुधी, मग बटाटा, मग कांदा. मलिहाबादहून दशहरी आंब्यांची पेटी आली तेव्हा तिने कोयीला पातं घासत फोडी काढल्या, आणि कोयीवर चोखायलासुद्धा काही उरू दिलं नाही म्हणून बाबांनी तक्रार केली.

एकदा लागलंही. भेंडी चिरताना तर्जनीला. रक्त पाहून मी ओरडलेच, "पुरे झालं आता! ठेव ती सुरी!"

तिने हात नळाखाली धरला, बोटाला चिकटपट्टी लावली आणि माझी बोटं हातात घेऊन चाचपली. विळीच्या जुन्या खुणा आहेत त्यांच्यावर, बऱ्याच. "ये सब क्या है आई? तुमने छोड़ दिया था क्या?" आणि उरलेली भेंडी तिने चिरली.

पुण्याला जायच्या आधी गणपती आले. लखनौतली आम्ही मराठी मंडळी, कुणी संस्थांमधली, कुणी विद्यापीठातली, कुणी हवाई दलातली, मिळून उत्सव करतो आणि महाप्रसादाला बायका एकत्र बसून भाजी चिरतात. त्या सकाळी मुलगीही आपला पाट आणि सुरी घेऊन आली. सतरंजीवर विळ्यांची रांग होती. हिने टेबल मागून घेतलं.

एक ज्येष्ठ वहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "अगं, तिला कशाला? आरतीच्या तयारीला बसव ना."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "काकू, काकडी किधर है?"

खमंग काकडीसाठी काकड्यांची पोतीच होती. तिने सालं काढली, उभे काप केले, मग आडवे. टक टक टक असा एकसारखा आवाज सुरू झाला. त्या वहिनी उठून टेबलापाशी आल्या, त्यांनी मूठभर काकडी उचलून तळहातावर पसरली. सगळे तुकडे सारखे, हरभऱ्याच्या डाळीएवढे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझे गुडघे गेलेत गं," त्या तिला म्हणाल्या. "विळीवर बसवत नाही आता. मलाही अशी सुरी घ्यायची आहे. कशी बघून घ्यायची?"

"बघून नाही, काकू," ती म्हणाली, शुद्ध मराठीत, आणि सुरी उलटी करून मूठ त्यांच्या हातात दिली. "डोळे मिटा. आता इथे अंगठा फिरवा."

वहिनींनी खरोखर डोळे मिटले. बाकीच्या बायका विळ्या सोडून भोवती गोळा झाल्या, आणि काकडीचं अर्धं पोतं तसंच पडून राहिलं. मी ते चिरायला बसले. इतकी वर्षं चिरतेय, पण त्या दिवशी माझे काप फार वेडेवाकडे आले, कारण माझं सगळं लक्ष टेबलाकडे होतं.