तारेतून आलेला पाळणा

आमच्या घरात मूल जन्मलं की नावाच्या आधी त्याची चाल तयार होई. बाबा पेटी घेऊन बसत आणि त्या मुलापुरता एक नवा पाळणा बांधत. नामकरणाला त्रिशरण-पंचशील झालं, खीर वाटली, की तो पहिल्यांदा गायचा. शब्द आई सुचतील ते घाली, चाल मात्र त्या मुलाचीच. दुसऱ्याला ती द्यायची नाही. माझ्या वाट्याला आलेली चाल मला कधीच आवडली नाही. धाकट्या बहिणीची कितीतरी सरस होती, आणि हा अन्याय मी अजून विसरलेलो नाही.

ऐंशीच्या दशकात मी एटापल्लीच्या पोस्टात तारबाबू होतो. माझी पहिली मुलगी तिथेच झाली. जन्माची तार मीच माझ्या हाताने चंद्रपूरला ठोकली, कारण बाबा तेव्हा तिथे थोरल्या भावाकडे होते. नागपूरला त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यात आवाज गेला तो गेलाच. गावोगावच्या भजनांत पुढे बसून गाणारा माणूस आता पाटीवर लिहून पाणी मागत होता. एसटीचे हादरे खात एटापल्लीला यायची त्यांच्यात ताकद नव्हती, आणि नामकरण तर तोंडावर आलेलं. पत्राची वाट पाहिली असती तर पोरगी रांगायला लागली असती. हिला काही चाल मिळत नाही, असं मी मनात धरून चाललो होतो. फार वाईट वाटत होतं, पण कोणाला बोललो नाही.

एका दुपारी चंद्रपूरची लाइन कडकडू लागली. तिकडे माझा शिकाऊ दिवसांपासूनचा मित्र बसे. त्याचा हात, म्हणजे ठोके देण्याची ढब, मी झोपेतही ओळखला असता. देवनागरी तारेत प्रत्येक अक्षराला ठोक्यांची स्वतःची खूण असते. कान्याला वेगळी, वेलांटीला वेगळी, उकाराला वेगळी. कान ऐकतो, हात लिहितो, डोकं मधे पडत नाही. सगळं उतरवून झाल्यावर मी कागद वाचला.

‘नूसारागा पापासीना धापामागा रासानूसा.’

अशाच आणखी तीन ओळी, आणि पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव. आमचे पोस्टमास्तर वडशाचे, सज्जन माणूस, पण सावलीलाही हटकणारा. ते खांद्यावरून डोकावले.

‘काऊन बावा, हे कोणती भाषा हाये?’

‘सूर आहेत साहेब. बाबांनी नातीसाठी पाळणा पाठवलाय.’

‘पाळणा? तारेनं?’ त्यांनी चष्मा पुसला. जंगलात बंदूकवाल्यांच्या टोळ्या फिरू लागल्याचे ते दिवस, त्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं. ‘अर्थ नाई अशी तार मले ठाण्यात दाखवा लागते. सूर हायेत त मंग गाऊन दाखव.’

गायला तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षराला अडलो. सा, गा, पा ठीक आहेत. पण नू कोण आणि सी कोण? पेटीवाले सूर लिहितात तेव्हा वरच्या सप्तकातल्या सुराच्या डोक्यावर टिंब देतात, खालच्या सप्तकातल्या सुराच्या पायाशी. कोमल सुराखाली आडवी रेघ. बाबांच्या कागदांवर हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. पण तारेच्या खुणांत असलं टिंबही नाही आणि रेघही नाही.

‘उद्या सकाळपावतर थांबतो,’ मास्तर म्हणाले. ‘मंग मी नाई थांबत.’

घरी बायको बाळंतीण. एरवी ती बालवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला शिकवी. मी कागद तिच्यापुढे टाकला आणि म्हणालो, ‘बाबांचं डोकं ठिकाणावर नाही.’

तिने एकदा वाचलं. ‘बाबांचं हाये, तुमचंच नाई. उकार कुठी असते? अक्षराच्या पायाशी. वेलांटी? डोक्यावर. मंग नू म्हणजे खालचा नी, सी म्हणजे वरचा सा, अन् नुसता काना असन त मधला. माह्या बालवाडीतलं पोट्टंही सांगन.’

मी पेन्सिल घेतली. मग सगळं भराभर सुटत गेलं, आणि सुटता सुटता लक्षात आलं की कोमल सुरासाठी वेगळी खूण कुठेच नाही, म्हणजे चार ओळींत एकही कोमल सूर नाही. बाबांचा सगळा जीव कोमल गंधारात. त्याची रेघ तारेत बसेना म्हणून त्यांनी तो सोडूनच दिला होता, आणि तारेत मावेल एवढ्याच सुरांत चाल बांधली होती. मला त्यांचं इतकं नवल वाटलं की बायकोवरचा रागसुद्धा विसरलो.

गाऊन पाहिलं. सूर बरोबर, पण पाळणा काही हलेना. कुठला सूर लांबवायचा, कुठे थांबायचं, कागदावर काहीच नव्हतं. शाळेतले पाढे म्हणावेत तसं होऊ लागलं. पोरगी भोकाड पसरून रडली.

‘हा पाळणा नाई, कवायत हाये,’ बायको म्हणाली.

सकाळी मास्तरांनी ऐकून घेतलं, ‘सूर हायेत खरे’ म्हणाले आणि तार माझ्या हाती दिली. ठाण्याचं टळलं, पण माझं भागेना. लाइन मोकळी पाहून मित्राला ठोकलं, सूर मिळाले, ताल नाही. त्याचं उत्तर आलं, थांब, बाबांना आणतो.

दुपारी यंत्र बोलू लागलं. तीच अक्षरं, पण मधेच अडखळत. नूसारा, आणि गप्प. मग गा. पुन्हा गप्प. मित्र डुलक्या घेतोय का, असं मनात आलं, कारण इतका गचाळ हात त्याचा कधीच नव्हता. मी पेन्सिल धरून चरफडत होतो. मग खाली पाहिलं तर माझा डावा हात टेबलावर ठेका धरून बसलेला, मला न विचारता. मित्र चुकत नव्हता. बाबा त्याच्या शेजारी उभे राहून काउंटरवर बोटाने ताल देत असणार, आणि तो त्या बोटाकडे पाहून एकेक अक्षर सोडत होता. मी पेन्सिल खाली ठेवली.

‘काऊन रे, लिहून नाई राह्यला?’ मास्तरांनी विचारलं.

‘ऐकून राह्यलो साहेब.’

चार ओळी संपल्या. आणि मग टकटक. थोडं थांबून, टक. हे कुठलंच अक्षर नव्हतं, आणि हात मित्राचा नव्हता. लहानपणी आम्हाला गायला बसवलं की बाबा पेटीच्या लाकडावर बोटाने असंच वाजवत. म्हणजे, घे आता, तू गा. आमचं यंत्र लाकडी खोक्यात बसवलेलं, त्यामुळे आवाज थेट पेटीचाच आला. माझ्या डोळ्यांना धार लागली. तारेतून गळा जात नाही हे मला ठाऊक होतं. तरी भर कचेरीत, तिकिटं घ्यायला आलेल्या लोकांसमोर मी तो पाळणा पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलो, आणि संपल्यावर खटका दाबून एक ठोका दिला. तिकडून एक ठोका आला. आवाज गेल्यापासून आम्हा दोघांचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

नामकरणाला मास्तर आले. खीर दोनदा घेतली. पाळणा एकदा गाऊन झाल्यावर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘पुन्हा एकदा म्हण बावा. मले नीट तपासाची हाये तार.’

सगळे हसले. मी पाळण्याच्या लाकडावर टकटक, टक केलं आणि पुन्हा सुरुवात केली. माझ्या कवायतीला भोकाड पसरणारी पोरगी तिसऱ्या ओळीला जांभई देऊन शांत झाली.

बाबांनी तिला कधी पाहिलं नाही. पावसाळ्याआधीच ते गेले, आणि ती खंत माझ्या मनातून जात नाही. पण नामकरणाच्या दिवशी पाहुण्यांना तसंच बसवून मी पोस्टात पळत गेलो आणि चंद्रपूरला बाबांच्या नावाने तार ठोकली. तिच्यात एकच शब्द होता, झोपली.